चाळिशीत पायलट व्हायचंय? आधी मेडिकल

देवगडवाल्या भाऊंनी विचारलंय, ४२ व्या वर्षी एअरलाइन पायलट व्हायला सुरुवात करता येईल का? त्यांना सांगतो, ४२ हे वय उशिराचं आहे पण अशक्य नाही, ६५ पर्यंत एअरलाइनमध्ये उडता येतं, म्हणजे पुढं वीसेक वर्षं हातात आहेत. मी स्वतः ३९ ला सुरू केलं.

- आधी मेडिकल. क्लास २ (शिकाऊ पायलटची तपासणी) आणि मग क्लास १ (व्यावसायिक पायलटची), दोन्हीची सर्टिफिकेटं हातात आल्याशिवाय फ्लाइंग स्कूलच्या फीचा एक रुपया भरू नका. आपल्या वयाला बीपी, शुगर, ईसीजी यातच घोडं अडतं. आंब्याची कलमं विकून पैसे भरले आणि मग मेडिकलला अनफिट, असं नको व्हायला.
- बारावीला फिजिक्स, मॅथ्स नसतील तर ओपन स्कूलमधून करून घ्या.
- सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्स) उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवलेले, आणि हे तास अर्जाआधीच्या ५ वर्षांतले हवेत. म्हणून नोकरी सांभाळत रविवारी थोडं थोडं उडू हा विचार सोडा, गॅप पडला की हात विसरतो आणि लँडिंग परत शिकायला जादा पैसे जातात.

सगळी फी एकदम भरू नका हो, मी भरली आणि स्कूलची विमानं बंद म्हणून चार महिने हँगरबाहेर बाकावर बसून काढले. पावसाळ्यात आपल्याकडे ढग किती खाली येतात ते तुम्ही रोज बघता, तेव्हा जून ते सप्टेंबर घरी बसून मेटिऑरॉलॉजी (हवामान), नेव्हिगेशन (दिशा, मार्ग), रेग्युलेशनचे (नियम) पेपर काढा.

लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) उडालात त्याच संध्याकाळी भरायचं, इन्स्ट्रक्टरची सही लगेच.

मल्टी इंजिन (एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान), टाइप रेटिंग (ठरावीक मॉडेलचं विमान उडवायची परवानगी) यांचं आत्ता डोक्यात घेऊच नका. मेडिकलची तारीख मिळाली की कळवा, कागद कुठले न्यायचे ते सांगतो.