उधाणाचं पाणी गावात शिरणार असेल तर सरकार आधी कळवतं का? आणि नक्की कोण?

कळवतं, पण एकच खातं नाही, तिथेच लोकांचा गोंधळ होतो. पाऊस, वारा, चक्रीवादळ हे हवामान खातं बघतं आणि लाटा, उधाण, त्सुनामी हे हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं केंद्र सरकारचं केंद्र बघतं. समुद्रकिनाऱ्याचं काम हैदराबादेतून चालतं, ऐकायला गंमत वाटते पण खरंय. त्सुनामी केंद्रही तिथेच, २००४ च्या त्सुनामीनंतर उभारलेलं, २००७ पासून सुरू.

चक्रीवादळाचा अलर्ट साधारण ४८ तास आधी येतो, पक्की वॉर्निंग २४ तास आधी. मग ते मंत्रालयातून जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला, तिथून तहसीलदार, तलाठी, सरपंच असं खाली झिरपत येतं आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा लागला की मच्छीमार काय ते समजतात, त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मोबाईलवर सरकारचं सचेत ॲप टाकून ठेवा, मराठीत पण अलर्ट येतात. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा नंबर १०७७.

मुंबईत महापालिका पावसाळ्याआधीच साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते, कारण भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी समुद्रात जातच नाही, त्यात जोरदार पाऊस आला की दादरचं हिंदमाता तुंबलंच म्हणून समजा.

खरी अडचण लांबून येणाऱ्या लाटांची. दक्षिण हिंदी महासागरात वादळ झालं की काही दिवसांनी इकडे लाटा आदळतात, वारा नाही, ढग नाही, त्यामुळे कोणाला खरंच वाटत नाही. अशा वेळी इन्कॉइसचा हाय वेव्ह अलर्ट बघायचा, नुसतं आभाळ बघून होडी काढायची नाही.