परक्या शहरात झाडांची सोबत

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील गाव सोडून मी मुलाकडे मुंबईत सायनला राहायला आले. घरात दिवसभर एकटीला करमत नाही, झोपही नीट लागत नाही. मुलगा म्हणतो, बागेत जात जा. बागेने मन खरोखर सुधारते का?

उत्तर : ताई, मुलाचे जरूर ऐकावे. इंग्लंडमधील सुमारे २०,००० जणांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्यातून निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांपैकी अधिक जणांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे सांगितले. हा वेळ एकदम काढला की थोडाथोडा, याने फरक पडला नाही. त्यातून निसर्गामुळेच प्रकृती सुधारली असे सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही गाव सुटलेल्या माणसाला बागेचा आणखी एक आधार असतो, असे मला मनापासून वाटते. रोज ठरावीक वेळी त्याच बाकावर बसले की चेहरे ओळखीचे होतात, कोणी गाव विचारते आणि बोलणे सुरू होते. त्यासाठी घराजवळची लहान बागही पुरेशी आहे. सुटीच्या दिवशी मुलासोबत धारावीलगतच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जावे. एके काळी जिथे शहराचा कचरा टाकला जाई, तिथे मिठी नदीकाठी आज दाट झाडी आहे.

मात्र झोपेची तक्रार दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली किंवा जेवणावरची वासना उडाली, तर केवळ बागेवर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे, ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.