सेरोटोनिनच्या धास्तीने गोळी बंद करू नका

प्रश्न : माझी पत्नी ३९ वर्षांची, रोज डोंबिवली-दादर करते. पावसाळ्यापासून पूल चढताना तिला कठडा धरून थांबावं लागतं. टूडी इकोत फुप्फुसातला रक्तदाब वाढलेला निघाला, दंडावरचं बीपी मात्र ११०/७०. दोन वर्षं ती नैराश्यासाठी सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवणारी गोळी घेते. सेरोटोनिननेच हा आजार होतो असं वाचून चार दिवसांपूर्वी आम्ही ती बंद केली. आता चक्कर येते, झोप नाही. बरोबर केलं ना? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. ज्यांनी गोळी दिली त्यांना आजच फोन करा. चक्कर आणि जागरण गोळी एकदम बंद केल्याचं असू शकतं. पण शुद्ध हरपली, तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

दंडावरचं बीपी फुप्फुसाचं काही सांगत नाही. इकोही अंदाजच देतो. नक्की दाब हृदयाच्या उजव्या बाजूला नळी घालून मोजतात. सरासरी २० च्या वर गेला तर आजार धरतात.

तुमची शंका हवेतली नाही. बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत तयार होतं आणि रक्तातल्या प्लेटलेट्स ते ओढून साठवतात. डेंग्यूत ज्यांचा आकडा आपण जीव मुठीत धरून बघतो, त्याच या. त्यांना स्वतःला ते बनवता येत नाही. साठवण बिघडली तर मोकळं सेरोटोनिन फुप्फुसाच्या धमन्या आकसवतं, भिंतीतला स्नायू जाड करतं. फॉन-हूडेड जातीच्या उंदरांत प्लेटलेट्सच्या साठवणीतला दोष आणि फुप्फुसातला वाढलेला दाब, दोन्ही एकत्र सापडतात. भूक मारणारं फेनफ्लुरामाइन १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं ते हृदयाच्या झडपा बिघडवल्यामुळे, पण फुप्फुसाचा हा आजारही त्याने झालेला आहे.

फेनफ्लुरामाइन सेरोटोनिनच्या दारातून पेशीत शिरून साठा बाहेर ढकलतं. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या ते दारच लावून घेतात. त्यांनी मोठ्या माणसांत हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही.

दार बंद झाल्यावर प्लेटलेट्सचा साठा मात्र आटतो आणि रक्त थांबायला थोडा वेळ लागतो. मला काळजी याची आहे. परळला माझ्याकडे एक बाई आल्या. बांगडी आपटून मनगट काळंनिळं झालेलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू, तिचा रिपोर्ट ठीक. मग पर्सच्या तळातून रुमालात गुंडाळलेली एक पट्टी निघाली, नैराश्याच्या गोळ्यांची. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायची त्यांना लाज वाटली होती. मला फार वाईट वाटलं.

तुमच्या मिसेसना रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली, तर हिरड्यांतून रक्त, काळी शौच यांकडे लक्ष ठेवा. दुखण्यावरची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. आणि ती बंद केलेली पट्टी हृदयाच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.