टोकियोत लेकरांना घेऊन फिरताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या मिस्टरांना कंपनीने सहा महिन्यांसाठी टोकियोला पाठवलं आहे. नोव्हेंबरात मी दोन्ही मुलांना घेऊन तीन आठवडे तिकडे जाणार आहे. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोन. घर निशिकासाईला आहे. सोमवार ते शुक्रवार मिस्टर ऑफिसात, म्हणजे दोघांना घेऊन मी एकटीच. सासरचे म्हणतात, एवढं लांब जाताय तर सगळं बघून या. पंधरा-वीस जागांची यादी तयार आहे. आम्ही शाकाहारी आहोत. कसं जमवू? – एक वाचक, नाशिक

उत्तर: यादी फाडू नका, तिचे दोन भाग करा. मुलांचे बाबा बरोबर असतील तेव्हाच्या जागा एका कागदावर, तुम्ही एकट्या असाल तेव्हाच्या दुसऱ्या कागदावर. दुसरा कागद निशिकासाईच्या आसपासचाच ठेवा. माझी दोन्ही मुलं त्याच भागात वाढली, म्हणून खात्रीने सांगते: दोन वर्षांच्या मुलीला टोकियो दाखवायला टोकियोभर हिंडावं लागत नाही.

पहिलं म्हणजे वेळ. सकाळी साडेसात ते नऊ तोझाई लाइनने, म्हणजे निशिकासाईवरून जाणाऱ्या मेट्रोने, ओतेमाचीच्या (शहराच्या मध्याच्या) दिशेने जाऊ नका. ऑफिसला जाणाऱ्यांची तिथे इतकी गर्दी असते की बाबागाडी सोडाच, पाच वर्षांच्या मुलाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. साडेनऊनंतर निघा, किंवा उलट दिशेने जा. दुसरं, नोव्हेंबरात तिकडे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडची संध्याकाळची फिरायची सवय तिथे उपयोगाची नाही. सकाळी एक जागा, मग जेवण, मग मुलीची झोप. दुपारनंतर जमलं तर घराजवळची बाग. दिवसाला एकच जागा, एवढं मात्र ठामपणे पाळा.

उलट दिशेला पहिल्याच स्टेशनवर, म्हणजे कासाईला, भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. ते रुळांच्या खालीच आहे, त्यामुळे डोक्यावरून खऱ्या गाड्या धडधडत जातात. आत जाताना स्टेशनसारखंच मशिनमधून तिकीट काढून फाटकातून जायचं. 1927 साली टोकियोत पहिली भुयारी रेल्वे धावली, तेव्हाचा पिवळा डबा तिथे उभा आहे. गाडी चालवून बघायचे सिम्युलेटर आहेत. मुलगा तिथून लवकर निघणार नाही, तेव्हा त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नका.

चालत जाण्याजोगं ग्योसेन पार्क आहे. त्यात एदोगावा वॉर्डाचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, प्रवेश फुकट. लाल पांडा आहे, पेंग्विन आहेत, आणि गिनीपिगला हात लावू देतात. उएनोचं प्राणिसंग्रहालय 1882 सालचं, जपानमधलं सगळ्यात जुनं, आणि मोठं. पण तुम्ही एकट्या असताना मी उएनोऐवजी ग्योसेनच निवडेन. दोन वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर तिथे सगळं आहे, आणि ती रडायला लागली तर घर जवळ आहे. हे प्राणिसंग्रहालय आणि वरचं रेल्वे संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मंगळवारी.

समुद्रकाठचं कासाई रिंकाई पार्क हवेशीर दिवसासाठी राखून ठेवा. तिथल्या मत्स्यालयात कड्याच्या आकाराच्या भल्या मोठ्या टाकीत ट्यूना मासे गोल गोल फिरत असतात. मुलं काचेला नाक लावून उभी राहतात आणि आईला चक्क बसायला मिळतं. मोठ्यांना 700 येन, लहान मुलांना तिकीट नाही, बुधवारी बंद. बाहेर 117 मीटर उंचीचा आकाशपाळणा आहे. बागेत चटई टाकून डबा खायला कोणी हरकत घेत नाही.

आता उंचावरून शहर बघायची हौस. स्कायट्री हा मनोरा 634 मीटर उंच आहे आणि बाबांबरोबर सुट्टीच्या दिवशी जरूर जा. पण त्याआधी फुनाबोरीच्या टॉवर हॉलवर जाऊन या. 115 मीटर उंच मनोऱ्यात वरून शहर बघायची जागा, फुकट, निशिकासाईपासून दोनेक किलोमीटरवर. तिथून स्कायट्रीसुद्धा दिसतो, आणि मुलांना उंची झेपते का तेही कळतं.

आसाकुसाचं सेन्सोजी मंदिर रविवारी, आणि लवकर. मुख्य मंदिर सकाळी साडेसहालाच उघडतं. आठच्या आत पोहोचलात तर मोठ्या लाल कंदिलाखाली मुलांना मनसोक्त धावता येतं. अकरानंतर त्याच जागी तुम्हाला मुलीला कडेवरून खाली ठेवता येणार नाही. शिबुयाचा प्रसिद्ध चौक मी तुमच्या यादीतून काढूनच टाकेन. ती गंमत मोठ्यांची आहे. बाबागाडीच्या उंचीवरून तिथे फक्त पाय दिसतात.

एका गोष्टीसाठी मात्र तुमचा महिना अगदी योग्य आहे. 15 नोव्हेंबरला शिची-गो-सान असतं: सात, पाच आणि तीन वर्षांच्या मुलांना नटवून देवळात नेतात. त्या तारखेच्या आसपासच्या शनिवार-रविवारी मेइजी जिंगूला जा. तुमच्या मुलाच्याच वयाची मुलं किमोनो-हाकामा घालून, हातात लांबट गोळ्यांची, चित्रं काढलेली पिशवी धरून आजी-आजोबांबरोबर चालत असतात. माझ्या मते तीन आठवड्यांत मुलाच्या लक्षात राहील असं हेच. देऊळ 1920 सालचं. भोवतालचं जंगल माणसांनी लावलेलं आहे; देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडं पाठवली होती. रस्ता रुंद आणि वाहनांशिवाय, पण खडीचा. बाबागाडी त्यात रुतते, मुलीला पोटाशी बांधायची पिशवी न्या. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो मात्र आईवडिलांना विचारूनच काढा.

प्रवासाचं सांगते. एका मोठ्या माणसाबरोबर सहा वर्षांखालची दोन मुलं मेट्रोत आणि जेआरमध्ये (जपान रेल्वेच्या लोकलमध्ये) फुकट जातात, म्हणजे तिकीट फक्त तुमचं. बाबागाडी हलकी, एका हाताने मिटणारी घ्या. ती घेऊन सरकत्या जिन्यावर चढू नका. लिफ्ट बहुतेक सगळीकडे असते, पण स्टेशनच्या एखाद्याच दाराशी, तेव्हा निघण्याआधी नकाशात बघून ठेवा. बायकांच्या स्वच्छतागृहात बऱ्याच ठिकाणी भिंतीवर बाळाला बसवायची पट्ट्याची खुर्ची असते. एकटीने दोन मुलं सांभाळणाऱ्या आईचा विचार करून ती कोणीतरी तिथे बसवली आहे, आणि मला आजही त्याचं कौतुक वाटतं. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लहान मुलांच्या कपड्यांच्या मजल्यावर बाळांची खोली असते: डायपर बदलायची जागा, दूध पाजायला आडोसा, गरम पाणी. खरेदी केली पाहिजे असं काही नाही. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत, म्हणून बंद होणाऱ्या पिशव्या जवळ ठेवा.

खाण्याचं अवघड आहे, पण जमतं. उदोन, सोबा, मिसो सूप हे दिसायला शाकाहारी वाटतं, तरी त्याच्या पाण्यात बहुधा माशाचा अर्क असतो. बाहेर जेवणाच्या भरवशावर राहू नका. निशिकासाईला आपल्या लोकांची वस्ती मोठी आहे, डाळी, पीठ, मसाले तिथेच मिळतात, त्यामुळे बॅगेत कुकर आणि मेतकूट एवढं पुरे. ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. रोज थालीपीठ किंवा दशम्यांचा डबा बांधा. केळी आणि दूध कुठल्याही नाक्यावरच्या दुकानात मिळतं. लोकलमध्ये आणि मेट्रोत खाण्याची पद्धत नाही.

शेवटी, मुलाच्या खिशात घरचा पत्ता आणि बाबांचा फोन नंबर जपानीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. स्टेशनांजवळ पोलिसांची छोटी चौकी असते, तिला कोबान म्हणतात. ती त्याला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा: मी दिसले नाही तर इथे यायचं.

प्रश्न: आम्ही दोघं मुलीकडे टोकियोला जाणार आहोत. नातू साडेपाच वर्षांचा आहे आणि त्याला रेल्वेशिवाय काही सुचत नाही. माझे गुडघे दुखतात. फार न चालता त्याला काय दाखवू? – एक आजोबा, सांगली

उत्तर: काका, तुम्हाला निप्पोरी स्टेशनची उत्तर बाजू गाठायची आहे. तिथल्या रस्त्याच्या पुलावर गाड्या बघायला मुद्दाम जागा केलेली आहे. खालून यामानोते, केइसेई, जोबान आणि शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) अशा सगळ्या गाड्या जातात. हिरवी हायाबुसा आणि लाल कोमाची या बुलेट ट्रेन एकमेकींना नाकाने जोडलेल्या जाताना दिसल्या की नातवाला हाक मारायची गरज पडणार नाही. घडीचं छोटं स्टूल बरोबर न्या, म्हणजे तुम्हाला बसता येईल.

दुसऱ्या दिवशी आराकावा मार्गाची ट्राम. शहरातल्या जुन्या सरकारी ट्रामपैकी एवढीच उरली आहे. मिनोवाबाशी ते वासेदा 12 किलोमीटर, घरांच्या परसदारातून जाते. फलाट आणि डबा एका पातळीत असल्याने गुडघ्याला त्रास नाही. तिसरी युरिकामोमे: शिम्बाशीहून सुटते, चालक नसतो, त्यामुळे सगळ्यात पुढे बसलं की समोरचा रूळ मोकळा दिसतो आणि रेनबो ब्रिजवर चढताना गाडी मोठं गोल वळण घेते. शिम्बाशीलाच, म्हणजे पहिल्या स्टेशनवर, चढा. पुढची जागा भरलेली असली तर ती गाडी सोडून द्या, काही मिनिटांत दुसरी येते.