फ्लोरिडातलं स्वस्त घर आणि त्याखालची जमीन

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली २८ वर्षं न्यू जर्सीत एडिसनला आहोत. माझं वय ६४, पत्नीचं ६१. पुढच्या वर्षी दोघंही निवृत्त होतोय. इथलं घर विकून हातात साधारण ५ लाख २० हजार डॉलर येतील, निवृत्तीच्या खात्यांत ७ लाख आहेत. फ्लोरिडात स्प्रिंग हिलला एक घर ३ लाख १५ हजारांना मिळतंय. आजूबाजूची तशीच घरं ३ लाख ६५ हजारांना जातात. विकणाऱ्याने लिहून दिलंय की २०१० मध्ये त्याला सिंकहोलच्या, म्हणजे घराखालची जमीन खचल्याच्या, विम्याचे पैसे मिळाले आणि त्याने सगळे पैसे दुरुस्तीला लावले. नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला असलेली मुलगी म्हणते, जीव धोक्यात घालू नका. एजंट म्हणतो, दुरुस्त झालेलं घरच सगळ्यांत सुरक्षित. काय करावं?

उत्तर: हे घर घेऊ नका. मात्र माझं कारण मुलीच्या कारणापेक्षा वेगळं आहे, आणि एजंटचं म्हणणंही सरसकट खोटं नाही.

साताऱ्यात पाया खणताना काळा कातळ लागला की गवंडी निश्चिंत होतो. फ्लोरिडात खालचा खडकच चुनखडीचा आहे, आणि पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात तो हळूहळू विरघळतो. आत पोकळ्या होतात, वर वाळू आणि चिकणमातीचं छत उरतं. त्या छताला भूजलाचाही आधार असतो. पाणी खाली गेलं की तो आधार सुटतो. जानेवारी २०१० च्या थंडीत फ्लोरिडातल्याच प्लँट सिटीच्या शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी गोठू नये म्हणून सलग अकरा दिवस पाणी उपसून पिकावर फवारलं. भूजल सुमारे ६० फूट उतरलं आणि त्या परिसरात शंभराहून जास्त खड्डे पडले. दुष्काळामागून आलेला धो धो पाऊसही असे खड्डे पाडतो. हर्नांडो, पास्को आणि हिल्सबरो या तीन काउंट्यांना (जिल्ह्यांना) लोक ‘सिंकहोल ॲली’ म्हणतात, आणि स्प्रिंग हिल हर्नांडोतच येतं.

मुलीच्या मनात बहुधा २०१३ ची फ्लोरिडातल्या सेफनरची घटना असेल. झोपायच्या खोलीखालची जमीन खचून एक माणूस गेला, त्याचा देहही हाती लागला नाही. ती धास्ती मी हलकी लेखत नाही, पण असा मृत्यू अत्यंत विरळा. भिंतीला जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची भेग जाणं, दारं अडकायला लागणं, पोहण्याच्या तलावाचं पाणी विनाकारण उतरणं हे त्या मानाने खूपच जास्त घडतं. तुमच्या पुंजीला धोका आहे तो या संथ खचण्याचा.

आता विम्याचं बघू, कारण इथेच बहुतेक जण फसतात. फ्लोरिडाच्या कायद्याने प्रत्येक घरविम्यात जमीन कोसळण्याचं संरक्षण असावंच लागतं. पण त्याला चार अटी आहेत आणि चारही एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. जमीन अचानक खचली पाहिजे, खड्डा नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे, पायासकट बांधकामाला इजा झाली पाहिजे, आणि सरकारी यंत्रणेने घर अयोग्य ठरवून रिकामं करायला लावलं पाहिजे. घर भेगाळलंय पण राहण्याजोगं आहे, अशा वेळी या संरक्षणातून एक डॉलरही मिळत नाही. त्यासाठी सिंकहोलचं वेगळं संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. ते देण्याआधी कंपनी घराची तपासणी मागू शकते आणि नकारही देऊ शकते. शिवाय तुम्ही सोसायचा वाटा विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. बांधकामाचा विमा ३ लाखांचा धरला तर पहिले ३० हजार तुमच्या खिशातून.

एजंटचं म्हणणं कुठे खरं आहे? नीट दुरुस्ती म्हणजे जमिनीत खोलवर दाबाने सिमेंटचं मिश्रण भरणं आणि गरजेनुसार पायाला खालून पोलादी आधार देणं. हे काम चोख झालं असेल आणि भूतंत्र (जमीन तपासणाऱ्या) अभियंत्याचं प्रमाणपत्र असेल, तर ते घर शेजारच्या कधीच न तपासलेल्या घरापेक्षा भक्कम असू शकतं. मलाही हे पटतं.

पण तुम्ही घर फक्त राहायला घेत नाही, कधीतरी विकायलाही घेताय. ५० हजारांची सूट तुम्हाला ज्या कागदामुळे मिळतेय, तो कागद घराला कायमचा चिकटलेला आहे. तुम्ही विकाल तेव्हा पुढचं गिऱ्हाईक तोच कागद दाखवून तेवढीच सूट मागेल. मधल्या काळात विमा कंपन्यांनी अशा घरांकडे पाठ फिरवली, तर कर्ज काढून घेणारे गळतील, कारण विम्याशिवाय बँक कर्ज देत नाही. मग उरतात रोखीने घेणारे, आणि ते भाव पाडून मागतात. माझ्या एका ग्राहक बाईंचे यजमान गेल्यावर त्यांना मुलाजवळ जायचं होतं. घरात एक भेगही नव्हती, तरी विमा मिळेना म्हणून विक्री चौदा महिने अडली. त्या काळात त्यांनी एकटीने काय काढलं ते मी पाहिलंय. तुमच्यापैकी एकाला उद्या शार्लटला जावं लागलं तर हे घर पटकन मोकळं झालं पाहिजे. तिथेच ते कमी पडतं.

आकडे मांडतो. हे घर घेतल्यावर तुमच्याकडे सुमारे ९ लाख ५ हजार उरतात. वर्षाला ४ टक्के काढायचं ठरवलं तर ३६ हजारांच्या आसपास. यातले १ लाख दुरुस्तीत किंवा पडत्या भावात गेले, तर वर्षाचे ४ हजार कायमचे कमी झाले. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही हे खरं, पण तुमच्या उत्पन्नात त्यामुळे फार मोठी बचत होईल असं धरू नका. घरविम्याचा हप्ता त्यातला बराचसा खाऊन टाकेल, आणि पुराचा विमा त्याहून निराळा.

त्या भागातच राहायचं असेल तर आजवर सिंकहोलच्या विम्याचा दावा न झालेलं घर बघा, ३ लाख ६५ हजार द्यावे लागले तरी चालतील. फक्त विकणाऱ्याच्या शब्दावर थांबू नका. त्याने स्वतः दावा करून पैसे घेतले असतील तरच कायद्याने ते सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे; आधीच्या मालकाचा दावा यातून निसटू शकतो. मात्र पैसे दिलेल्या दाव्याचा अभियंत्याचा अहवाल विमा कंपनीला काउंटी क्लर्ककडे (काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नोंदवावा लागतो. म्हणून त्या पत्त्याची नोंद क्लर्कच्या दप्तरात स्वतः शोधा. तपासणीच्या मुदतीत आपला अभियंता लावून जमिनीची रडार चाचणी करून घ्या, संशय आला तर भोक पाडून मातीही तपासा. आणि सिंकहोल संरक्षणाचा लेखी होकार हातात आल्याशिवाय इसारा अडकवू नका. तोंडी ‘मिळेल की’ वर तर मुळीच नाही.

घाई मात्र करू नका. एडिसनचं घर विकलं की पैसे अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवा आणि स्प्रिंग हिलला एक वर्ष भाड्याने राहा. भाडं वाया जातंय असं वाटेल, पण ३ लाखांच्या निर्णयाची ही रास्त फी आहे. जूनमध्ये जा, म्हणजे तिथला पावसाळा आणि वादळाचे महिने सुरुवातीलाच अनुभवाला येतील, आणि कोणत्या गल्लीत कुणाच्या अंगणात जमीन बसली ते शेजारीच सांगतील.