सल्फर टाकलं, मग गेलं कुठे?

या आठवड्यात तीन प्रश्न आले. पिकं वेगळी, जमिनी वेगळ्या, पण तिन्हींचं मूळ गंधकाशी, म्हणजे दुकानात आपण ज्याला सल्फर म्हणतो त्याच्याशी आहे.

लातूर भागातून : सोयाबीन 28 दिवसांचं झालंय. शेंड्याकडची पानं पिवळी पडलीत. डीएपी आणि युरिया दिलाय. आणखी युरिया टाकू का?

नको. नत्र, म्हणजे युरियातून मिळणारा नायट्रोजन, कमी पडलं की पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं. गंधक तसं सहज हलत नाही, म्हणून ते कमी पडलं की कोवळी पानं आधी फिकी होतात. मात्र पान हातात घेऊन उन्हाकडे धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती फार दिसते, आणि त्यावर चिलेटेड, म्हणजे पिकाला सहज घेता येईल अशा रूपातल्या, लोहाची फवारणी करावी लागते. शिरांसकट सगळं पान पिवळं असेल तरच गंधकाचा संशय घ्या. रानात पाणी साचलेलं असेल तर आधी ते काढा, मग निदान करा.

खात्री पटली तर वाफसा आल्यावर एकरी 20 किलो अमोनियम सल्फेट ओळीलगत द्या. पुढच्या वर्षी मात्र पेरतानाच विचार करा. डीएपीच्या एका गोणीत 23 किलो स्फुरद (फॉस्फेट) असतं, गंधक जवळजवळ नाहीच. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतून स्फुरद तेवढंच मिळतं, वर 16 किलोच्या आसपास गंधक. डीएपीतल्या नत्राची भरपाई 20 किलो युरियाने होते. तीन गोण्या वाहायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. पण सोयाबीनसारखं पीक दर हंगामात रानातलं गंधक दाण्यांबरोबर बाजारात नेतं, आणि ते परत आणून टाकणारं आपल्याशिवाय कोणी नाही.

निफाडजवळून : गेल्या रब्बीत कांद्याला लागवडीनंतर दीड महिन्याने 90 टक्क्यांचं दाणेदार सल्फर दिलं. काहीच फरक दिसला नाही. माल बोगस होता का? आणि त्याने चुनखडी कमी होते हे खरं का?

माल बोगस असेलच असं नाही, वेळ चुकली. पिशवीतलं शुद्ध गंधक मुळांना तसंच घेता येत नाही, त्यांना ते सल्फेटच्या रूपात लागतं. दाणा आधी ओलाव्याने फुटायला हवा, मग जमिनीतले जिवाणू त्याचं सल्फेट करतात. उबदार, ओल्या मातीत याला तीन-चार आठवडे किंवा जास्तही लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे जिवाणू सुस्तावतात. तुमचं गंधक तयार होईपर्यंत कांदा पोसून झाला असणार. हे खत लागवडीआधी महिनाभर, शेणखतात मिसळून ओल्या रानात घाला. एकरी 12 ते 16 किलो गंधक पुरे. उशीर झालाच तर लागवडीच्या वेळी किंवा पहिल्या महिन्यात अमोनियम सल्फेट चालेल, त्यात सल्फेट तयारच असतं. दोन महिन्यांनंतर ते देऊ नका, उशिराच्या नत्राने कांदा चाळीत टिकत नाही.

आता चुनखडी. हिशेब तुम्हीच करा. एकराचा सहा इंचांचा थर म्हणजे सुमारे 9 लाख किलो माती. त्यात 5 टक्के चुना धरला तर 45 हजार किलो. तुमच्या 10 किलोच्या पिशवीत 9 किलो गंधक. त्याचं पूर्ण आम्ल झालं तरी ते जेमतेम 28 किलो चुना विरघळवेल, आणि त्याचं होणार काय, तर जिप्सम! दाण्याभोवती थोडा स्फुरद, थोडं लोह मोकळं होतं, तेवढा फायदा खरा. पण 'सामू (पीएच, जमिनीच्या आम्लतेचा आकडा) उतरवतो' म्हणून कोणी पिशवी विकत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

सल्फेटचीही एक खोड आहे. मातीचे कण त्याला फारसे धरून ठेवत नाहीत, त्यामुळे हलक्या जमिनीत जोराच्या पावसाबरोबर ते खाली निघून जातं. जमिनीतलं बहुतेक गंधक सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं असतं आणि कुजताना हळूहळू सुटतं. पाचट, भुसकट जाळलं की त्यातला बराच भाग धुरावाटे जातो.

राजापूरकडून : भाताच्या खाचरात पाय घातला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. चिखल काळा, रोपं खुरटलेली.

हीच गोष्ट उलट्या दिशेने. पाणी साचून हवा संपली की दुसरे जिवाणू सल्फेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. वास त्याचाच. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर, ते हा वायू पकडून ठेवतं, म्हणून चिखल काळा होतो आणि भात बहुतेक वेळा तग धरतो. एक रोप उपटून मुळं धुवा. तांबूस असतील तर ठीक. काळी असतील तर बांध फोडून पाणी काढा, चिखलाला केसासारख्या बारीक भेगा दिसेपर्यंत थांबा, मग पुन्हा पाणी घ्या. तोवर युरिया नको, आणि या खाचरात अमोनियम सल्फेट तर मुळीच नको. पुढच्या वर्षी हिरवा पाला चिखलणीच्या दिवशी न घालता दोन आठवडे आधी गाडा.

तिघांनीही काढणीनंतर मातीचा नमुना देताना 'गंधकही तपासा' असं अर्जावर लिहा, न सांगता ते नेहमी तपासलं जातंच असं नाही. अहवालात आकडा 10 पीपीएमच्या (मातीच्या दहा लाख भागांत 10 भाग) खाली आला तर तो घेऊन या, मात्रा ठरवू.