वरचं पुसू नकोस

प्रिय,

‘सगळं उडवून टाकावं म्हणते’ हे तुझ्या ब्लॉगबद्दलचं तुझं वाक्य वाचून मला राग आला. राग उतरायची वाट न बघता लिहितो आहे, तेवढं सांभाळून घे.

तू तीन गोष्टी एकत्र केल्या आहेस. पुण्यात मुलाखत आहे आणि मैत्रीण म्हणते की एचआरवाले नाव टाकून शोधतात. बारावीत लिहिलेलं आता वाचताना तुला लाज वाटते. आणि घरच्या वाटणीबद्दल तू ब्लॉगवर लिहिलेल्या त्या नोंदीवरून तात्या घरात बोलेनासे झाले आहेत. ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत आणि तू तिन्हींवर एकच उपाय काढलास, ब्लॉगच पुसून टाकायचा. ब्लॉग लिहावा का, कशाला लिहावा, हे मी तुला सांगत बसणार नाही. ते तुला कळत नसतं तर इतकी वर्षं लिहिलंच नसतंस.

मी सगळी नोकरी सहकारी बँकेत हिशेबाच्या टेबलावर केली. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, आकडा चुकला तर तो खरवडायचा नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. पान फाडलेलं दिसलं की तपासनीस आधी त्या पानाचं विचारतो, बाकीच्या वहीकडे मग बघतो. लिखाणाच्या बाबतीत मला याहून मोठा नियम सापडलेला नाही. मत बदललं, माहिती चुकली, भाषा कच्ची वाटली, तर खाली तारीख टाकून नवीन लिही. वरचं पुसू नकोस.

तुझी 2019 च्या ऑक्टोबरची नोंद मी काल पुन्हा वाचली. परतीचा पाऊस हटत नव्हता, द्राक्षाची फळछाटणी झालेली होती, बाग पोंग्यात, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर होती आणि डाऊनी हा बुरशीचा रोग आला. ट्रॅक्टर चिखलात रुतत होता म्हणून तुझे वडील आणि गडी पाठीवरचे पंप घेऊन पहाटे फवारायला गेले. घड जिरले, धरायच्या आधीच गेले. आई म्हणाली, यंदा बेदाण्याच्या शेडवर रॅक रिकामेच राहणार. त्या नोंदीत तू आभाळाला तीन उपमा दिल्या आहेस आणि तिन्ही वाईट आहेत, हे मान्य. पण पंचनाम्यात काय येतं? गट नंबर, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. कोणत्या पहाटे कोणतं औषध मारलं, उधारी कुणाकडे होती, एका माणसाने जेवण कसं टाळलं, हे तासगाव भागातल्या एका घरापुरतं का होईना, फक्त तुझ्याकडे तारखेसह लिहिलेलं आहे. आणि ते सतरा वर्षांच्या मुलीच्या भाषेत आहे, कारण तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. आजच्या भाषेत तू ते पुन्हा लिहिशीलही, अधिक चांगलं लिहिशील, पण ती आठवण होईल. नोंद राहणार नाही.

कारीच्या जेधे देशमुखांकडच्या शकावलीत काय आहे? तिथी, शक आणि एखाददुसरी ओळ. शैली म्हणून त्यात काही नाही. पण फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही शिवरायांची जन्मतिथी तिच्यात आहे आणि 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख ठरवताना त्या ओळीचा आधार घ्यावा लागला. लिहिणाऱ्याने ‘माझी भाषा बरी नाही’ म्हणून ते पान काढून टाकलं असतं तर?

तुला वाटत असेल, म्हातारा उगाच ताणतो आहे. मी ताणतो आहे कारण मी बरंच काही नाहीसं होताना पाहिलं आहे. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणारी अक्षरांची पद्धत, आल्यावर मराठीत लिहिणं सोपं झालं आणि 2006-07 च्या सुमारास आम्ही बरेच जण लिहायला लागलो. 2006 च्याच जुलैत, मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर, सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, जिथे आमचे ब्लॉग होते ते, अख्खंच बंद केलं होतं. काही दिवसांनी ते परत आलं. जिओसिटीज, फुकट संकेतस्थळं करायची जागा, 2009 मध्ये बंद झालं, ते परत आलं नाही. गूगल रीडर 1 जुलै 2013 ला गेलं आणि एकमेकांचं नवीन लिखाण वाचायची आमची सवयच मोडली. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला गेलं. मंडळी फेसबुकवर गेली, तिथे लिहू लागली, आणि तिथलं तीन वर्षांपूर्वीचं आज शोधून दाखव. माझा रत्नागिरीकडचा एक मित्र खाडीतल्या मासेमारीबद्दल लिहायचा, कोणत्या भरतीला कोणतं जाळं, इतकं बारीक. तो गेला, डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचे, पैसे भरायला कुणी उरलं नाही, सगळं गेलं. त्याच्या लिखाणाची एकही प्रत माझ्याकडे नाही, याची रुखरुख मला रोज लागते. तुझ्या-माझ्या हातात नसलेलं पुसणं इतकं चालू असताना तू ते आपल्या हाताने करायला निघालीस!

आता तोट्यांचं. ते आहेत, आणि मी ते लपवणार नाही. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यातल्या एकीने ती फक्त लाइक केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66-अ कलमाचा तेव्हा एवढा गाजावाजा झाला ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं, पण फौजदारी बदनामी अजून आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेसह. नावानिशी आरोप करताना कागद हातात हवा. नोकरीचंही खरं आहे. तुझं लिखाण वाचून एखादा तुला नको म्हणेल, हे मी नाकारत नाही.

मलाही म्हणाले होते. 2008 च्या कर्जमाफीवर मी तावातावाने लिहिलं, 60 हजार कोटींची घोषणा आणि नियमित फेडणाऱ्याच्या तोंडाला पानं, असा सूर होता. त्यात आमच्या क्षेत्रातली थकबाकी कशी फिरवली जाते तेही होतं. वरिष्ठांनी त्याची छापील प्रत माझ्या टेबलावर ठेवली. ‘काढून टाका, विषय संपला,’ म्हणाले. मी काढलं नाही. बढती दुसऱ्याला मिळाली. घरच्यांनी मला हट्टी म्हटलं, नातेवाइकांनी ऐकवलं, मुलाने अजून सोडलेलं नाही. पण एक ध्यानात घे. 2017 ला राज्याची कर्जमाफी आली तोपर्यंत माझं मत बरंच बदललं होतं. दोन हेक्टरच्या अटीने विदर्भातला जास्त रान असलेला, पण कोरडवाहू शेतकरी 2008 ला पूर्ण माफीच्या कसा बाहेर राहिला ते मी आकड्यांत पाहिलं होतं. मी जुन्या लेखाखाली तारीख टाकून तसं लिहिलं. वरचा लेख तसाच आहे. दोन्ही बाजूंचे लोक त्यातली आपल्या सोयीची वाक्यं उचलून मला दाखवतात. दाखवू देत. दोन्हींवर माझी सही आहे. 2008 चं मी पुसलं असतं तर 2017 चं कुणी का मानावं? आज तोच प्रसंग आला तरी मी तेच करीन, हे तुला पटवण्यासाठी लिहितो आहे की त्या बढतीबद्दल स्वतःला, याचा विचार मी करत नाही. दोन्हींसाठी असेल.

आणि पुसून तरी तुझं काय साधणार आहे? जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने तुझ्या काही पानांची नक्कल घेतलेली असेल, कुणाच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट असतील. वाकडं बघणाऱ्याला जुनं सापडतंच. ज्याला सरळ वाचायचं आहे त्याचंच तू दार बंद करशील.

वाटणीची नोंद मात्र आजच काढ. मी माझ्याच नियमाविरुद्ध बोलतो आहे असं तुला वाटेल, म्हणून कारण सांगतो. द्राक्षबाग, पाऊस, हॉस्टेल, तुझी मतं, हे तुझं आहे. तात्यांच्या डोक्यावर किती कर्ज आहे आणि त्यांनी विहिरीचा हिस्सा का सोडला, हे त्यांचं आहे. बँकेत एका खातेदाराचा आकडा दुसऱ्याला सांगत नाहीत, मग तो भाऊ का असेना. तुझा राग खरा होता, माहितीही खरी असेल, पण ती उघड करायचा हक्क तुला नव्हता. नोंद काढलीस की त्या जागी एक ओळ ठेव: घरातल्या व्यक्तीची खासगी माहिती होती म्हणून अमुक तारखेला काढली. गुपचूप नाहीशी करू नकोस. त्या ओळीची लाज वाटायचं कारण नाही.

कच्च्या वाटणाऱ्या नोंदींना हात लावू नकोस. फारच खुपत असेल तर पहिल्या पानावर लिही की हे लिखाण 2019 पासूनचं आहे, तारखा बघून वाचावं. मुलाखतीत कुणी विचारलंच, तर त्या ऑक्टोबरबद्दल बोल. बागेचं अर्थकारण तुझ्याइतकं तिथे कुणाला ठाऊक असणार आहे?

बॅकअप घे. ब्लॉगरवरून सगळा मजकूर उतरवून घेता येतो, फोटो त्यात आलेत का ते बघ, नसतील तर वेगळे उतरवून घे. एक प्रत पेन ड्राइव्हवर घरी ठेव, एक मला पाठव. मी ती जपून ठेवीन.

तात्यांना फोन उद्या सकाळी कर, ते रानात जायच्या आत. नोंद काढली एवढंच सांग, बाजू मांडत बसू नकोस.